नाल्यावरची पट्टी आणि मोबाईलवरचा आकडा : गल्लीच्या पूरसूचना प्रकल्पाच्या नोंदी

१० मे

काल रात्री मंडळाच्या खोलीत बैठक झाली. गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर जो लहान पूल आहे, त्याच्या कठड्याखाली पाण्याची उंची मोजणारा सेन्सर बसवायचा आणि त्याचं वाचन आपोआप सगळ्यांच्या मोबाईलवर जाईल अशी सोय करायची, असं ठरलं. खर्च मंडळाच्या वर्गणीतून. सेन्सर, वायरिंग आणि प्रोग्राम माझ्याकडे. मी कुपवाड एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करते, टाक्यांतली पातळी मोजणं हे माझं रोजचंच. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या मदतीला आहे.

हे कशासाठी, ते इथे लिहून ठेवते. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, आयर्विन पुलाचा, म्हणजे त्या पुलाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे त्याचा. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला पुन्हा ५४-५५ पर्यंत. पण आमच्या गल्लीत पाणी थेट नदीतून येत नाही, नाल्यातून येतं. एरवी हा नाला गावाचं पाणी नदीत नेतो. नदी चढली की तिचं पाणी नाल्याच्या तोंडातून उलटं आत शिरतं, आणि त्याच वेळी सांगलीत पाऊस लागून राहिला असेल तर वरून आलेल्या पाण्यालाही बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यामुळे आयर्विनचा आकडा तोच असला तरी एका वर्षी नाला काठोकाठ भरतो आणि दुसऱ्या वर्षी हातभर खाली राहतो. आम्हाला आमच्या नाल्याचा आकडा हवा आहे.

अण्णांनी एकच अट घातली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, नदीवरच्या मोजपट्ट्या वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "यंत्र बसवा, माझी ना नाही. पण आधी पट्टी रंगवा. यंत्राचं खरं-खोटं कशाशी ताडून बघणार तुम्ही?" सगळ्यांना पटलं.

१४ मे

पट्टी झाली. पुलाच्या दगडी खांबावर तळापासून तेरा फुटांपर्यंत, फुटाला जाड लाल रेघ आणि इंचाला बारीक काळी, पांढऱ्या ऑइल पेंटवर. आकडे चांगले वीतभर उंच काढलेत, काठावरून बॅटरीच्या उजेडातही दिसले पाहिजेत म्हणून.

दिवसभर खरं काम चाललं ते उंबरठ्यांचं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून पुलापासून घरोघर नेली. अण्णा पट्टीजवळ, पुतण्या नळीचं दुसरं टोक धरून प्रत्येक दारात आणि मी वही घेऊन मध्ये. कुठल्या घराचा उंबरठा पट्टीवरच्या किती फूट-इंचाला येतो, त्याची यादी तयार झाली. सगळ्यात खाली आक्कांचं घर : ९ फूट ४ इंच. त्याच्या वर पिठाची गिरणी, ९ फूट ११. मंडळाची खोली १२ ला. आमचा जिना बाराच्याही वर.

ही यादी मला या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, आणि तिला वीजही लागत नाही, रेंजही लागत नाही. पट्टीवर ८ फूट दिसलं की आक्कांनी सामान वर हलवायचं, हे आता कुणीही कुणालाही न विचारता सांगू शकतो.

२० मे

प्रोग्राम एआयकडून लिहून घेतला. मला काय हवं ते मराठीतच सांगितलं : दर दहा मिनिटांनी वाचन, पाच वाचनांतलं मधलं घ्यायचं, फूट-इंचात बदलायचं आणि टेलिग्रामच्या गटावर पाठवायचं. स्वयंपाक आटोपेपर्यंत प्रोग्राम तयार होता आणि चाललाही. हेच काम मी पूर्वी कारखान्यात एका यंत्रासाठी केलं होतं तेव्हा कितीतरी रात्री गेल्या होत्या. ही सोय खरी आहे, ती मी कमी लेखणार नाही. गल्लीतल्या एका मंडळाने असं काही स्वतःच्या हिमतीवर उभं करावं हे दहा वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही आलं नसतं.

२३ मे

नाला कोरडा आहे, आणि यंत्र सांगतंय की रोज दुपारी त्यात चार-पाच इंच पाणी चढतं आणि रात्री उतरतं!

पुतण्याने आलेख एआयला दाखवून कारण विचारलं. उत्तर आलं की दुपारी धुण्याभांड्यांचं सांडपाणी नाल्यात येत असावं, म्हणून त्या वेळी पातळी वाढत असावी. वाचायला अगदी पटण्यासारखं. पण दुपारी एक वाजता मी आणि तो पुलाखाली उतरून उभे राहिलो तेव्हा पायाखाली भेगाळलेली माती होती.

खरं कारण हवेचं तापमान. हा सेन्सर आवाजाची लाट खाली सोडतो, ती आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. एआयने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असा कायमचा धरलेला होता. तो वेग २० अंश तापमानाचा. तापमान एक अंशाने वाढलं की वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो. मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशांना तो ३५५ च्या पुढे जातो, लाट लवकर परत येते आणि यंत्राला वाटतं तळ जवळ आलाय. आमच्या पुलावरून तळ चार मीटरवर आहे. तेवढ्या अंतराला ही चूक पाच इंचांच्या वर जाते. आणि आक्कांच्या उंबरठ्यात आणि गिरणीच्या उंबरठ्यात फरक आहे सात इंचांचा.

पुलाच्या सावलीत तापमानाचा वेगळा सेन्सर लटकवला, त्याचं वाचन हिशेबात घेतलं. कोरडा नाला आता दुपारीही कोरडाच दिसतो.

मला यात खटकलं ते दुसरंच. प्रोग्राम चुकला, ते चालायचंच. माणसाचाही चुकला असता. पण चुकीच्या आकड्याला त्याने लगेच एक गोष्ट जोडून दिली, आणि ती गोष्ट इतकी सरळ होती की पुलाखाली उतरायची गरजच कुणाला वाटली नसती.

१ जून

आज पुतण्याने आणखी एक करून बघितलं. एआयला विचारलं : "सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ४१ फूट असेल तर नाल्याकाठच्या गल्लीतल्या लोकांनी घर सोडावं का?"

उत्तरात म्हटलं होतं की धोका पातळी ४३ फूट आहे, म्हणजे अजून दोन फूट अवकाश आहे, सावध राहा पण घर सोडायची गरज नाही. ४३ हा आकडा आयर्विनचा नाही, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचा आहे. तिथे इशारा ३९ आणि धोका ४३. नदी पंचगंगा, जिल्हा वेगळा. दोन्ही आकडे पावसाळ्यात बातम्यांमध्ये शेजारी-शेजारीच येतात, तिथून सरमिसळ झाली असावी. संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर गल्लीत दीड-दोन फूट पाणी येऊ शकेल असं सांगितलं. सकाळी घरी बसा, संध्याकाळी बाहेर पडा, आणि दोन्ही वेळा सूर तोच, खात्रीचा.

आमच्या गल्लीचा उंबरठा त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. नाल्याचा तळ, पुलाची कमान, गेल्या वर्षी टाकलेला भराव, यातलं काही कुठे लिहिलेलंच नाही, तर ते त्याला कुठून कळणार? त्याने "मला ठाऊक नाही" म्हटलं असतं तर मी त्याच्यावर जास्त विसंबले असते.

तरी सगळ्या नव्या साधनांना एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया हे ॲप २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, त्यात नदीवरच्या केंद्रांची प्रत्यक्ष मोजलेली पातळी दिसते. गूगलचं पूर-अंदाजाचं काम २०१८ मध्ये पाटण्यापासून सुरू झालं, आता त्यांच्या नकाशावर नदीचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज बघता येतो. त्यामागेही एआयच आहे, पण ते पाऊस, उतार आणि नदीची जुनी मोजमापं यांवर शिकवलेलं आहे आणि पूर येऊन गेल्यावर त्याचा अंदाज ताडून बघता येतो. गप्पा मारणाऱ्या एआयची गोष्ट वेगळी. मात्र या अंदाजालाही आमचा नाला दिसत नाही, त्याला नदी दिसते. आणि तिथले आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात, आयर्विनच्या फुटांशी त्यांची सरळ वजाबाकी करायची नाही, हे ग्रुपवर ठळक लिहून टाकलं.

१८ जून

पहिला चांगला पाऊस. पट्टीवर १ फूट ७, यंत्रावर १ फूट ७. अण्णांनी वहीत दोन्ही लिहिलं.

५ जुलै

दर दहा मिनिटांनी मेसेज आला की लोक ग्रुप म्यूट करतात. गिरणीवाल्या वहिनींनी सरळ सांगितलं, "दिवसभर टुंगटुंग वाजतंय ओ, मी बंद करून टाकलंय." म्हणून बदल केला. पाणी ५ फुटांच्या खाली असेल तोवर मेसेज नाही. पाच ओलांडल्यावर तासाला एक. सात ओलांडल्यावर दर वीस मिनिटांनी.

ग्रुप शांत झाला. सगळे खूश.

१९ जुलै

काल रात्री जे झालं ते सविस्तर लिहायला हवं.

संध्याकाळपासून जोरात पाऊस होता, नदीही चढती होती. ग्रुपवर एकही मेसेज नव्हता, म्हणून गल्ली निवांत झोपली. साडेदहाच्या सुमारास अण्णा सवयीने छत्री घेऊन पुलावर गेले, तर पट्टीवर ६ फूट २ इंच. त्यांनी मला फोन केला, "काय गं, तुझं यंत्र झोपलंय का?"

यंत्र दुपारी चारलाच बंद पडलं होतं. आठवडाभर ऊन नाही, सोलर पॅनलने बॅटरी भरली नाही. मोबाईल नेटवर्कला जोडणारा जो भाग असतो तो मेसेज पाठवताना घटकाभर फार करंट ओढतो, तेवढा उरलेल्या बॅटरीला पेलला नाही. यंत्र गप्प झालं. आणि पाणी पाचच्या खाली असलं की मेसेज येत नाही हे आम्हीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, त्यामुळे मेसेज नाही म्हणजे पाणी नाही, असाच अर्थ प्रत्येक घराने घेतला. त्यात कुणाचंही चुकलं नाही. तसाच अर्थ निघणार होता.

पाणी सहा फुटांवर थांबलं आणि पहाटे उतरलं, म्हणून निभावलं. पण मी रात्रभर एकाच गोष्टीचा विचार करत होते. यंत्र नव्हतं तेव्हा अशा पावसात घराघरातून कुणीतरी उठून पुलाकडे चक्कर मारायचं. २०१९ ला ऐन मध्यरात्री सगळी गल्ली जागी होती, ती मेसेजमुळे नव्हे, डोळ्याला डोळा लागत नव्हता म्हणून. आम्ही यंत्र बसवलं आणि लोकांची ती जाग काढून घेतली. तिच्या बदल्यात जे दिलं ते बॅटरी संपली की मुकं होणारं. यंत्राने चुकीचा आकडा दिला तर कुणीतरी पट्टी बघून भांडेल तरी. गप्प बसलेल्या यंत्राशी कोण भांडणार?

आणि हे फक्त बॅटरीपुरतं नाही. मोठ्या पुरात वीज तोडावीच लागते. मग टॉवरवरच्या बॅटऱ्या चालतील तेवढ्या चालतात, जनरेटरला डिझेल पोचलं तर ठीक, नाहीतर रेंज जाते. म्हणजे ज्या रात्री आकड्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच रात्री मोबाईलवर येणारी गोष्ट बंद पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बैठकीत हे बोललं गेलं होतं, पण बोलणं आणि सहा फूट पाण्याशेजारी अंधारात उभं राहणं यात फार अंतर आहे.

२७ जुलै

सुट्टी टाकून आठवडाभर हेच काम केलं.

पुलावरच्या यंत्रातून मोबाईलचा भाग काढला. आता ते लोरा नावाच्या, छोटे संदेश लांबवर पाठवणाऱ्या रेडिओवरून अण्णांच्या माडीवर वाचन पाठवतं. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, वीज फार थोडी लागते, टॉवरची गरज नाही. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भर पावसातही वाचन पोचतं, हे तपासून घेतलं. अण्णांच्या माडीवर इन्व्हर्टर आहे. तिथून पुढे इंटरनेट असेल तर टेलिग्रामवर, नसेल तर मंडळाच्या खोलीवर बसवलेला भोंगा.

मुख्य बदल असा की पुलावरचं यंत्र जिवंत आहे की नाही, हे आता माडीवरचं दुसरं यंत्र बघतं. बंद पडलेलं यंत्र स्वतः "मी बंद पडलो" असं सांगू शकत नाही, ते दुसऱ्यानेच सांगायला हवं. चाळीस मिनिटांत वाचन आलं नाही की ग्रुपवर "वाचन बंद. पट्टी बघा." असा मेसेज जातो आणि भोंगा तीनदा तुटक वाजतो. पाणी कमी असलं तरी सकाळी सात आणि रात्री नऊ असे दोन मेसेज रोज येणारच. प्रत्येक मेसेजमध्ये आकड्याच्या आधी वाचनाची वेळ. "रात्री ८.५० चं वाचन : ३ फूट ४ इंच." नुसता आकडा आता कुठेच जाणार नाही.

पट्टीवरचा पहारा पुन्हा सुरू केला. पाच फुटांच्या वर गेलं की दर तासाला एक माणूस, पाळी ठरलेली, वही पुलाशेजारच्या टपरीत. स्मार्टफोन नसलेल्या घरांना फोन कुणी करायचा हेही नावानिशी ठरलं. पुतण्या म्हणाला, "आत्या, मग यंत्र कशाला?" त्याला म्हटलं, पहारेकऱ्याला डुलकी लागेल तेव्हा यंत्र आहे आणि यंत्र मुकं होईल तेव्हा पहारेकरी आहे. दोघांनाही एकाच रात्री एकाच वेळी झोप लागू नये एवढंच बघायचं.

१२ ऑगस्ट

कोयना पाणलोटात तीन दिवस सतत पाऊस. आधी पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक चालू होतं, आता सहाही वक्र दरवाजे उचललेत. वारणेचंही पाणी वाढतंय. ती हरिपूरला म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला मिळते, ती भरली की कृष्णेला पुढे सरकायला जागा कमी. कोयनेतून सुटलेलं पाणी कराडला कृष्णेत येऊन, बहे, ताकारी, भिलवडी ओलांडत इथे पोचायला अण्णा साधारण एक दिवस धरतात.

दुपारी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आयर्विन पुलावरून पाणी वाहतंय, माणसं पळतायत, खाली आजची तारीख. पुतण्या सायकलवरून पुलावर जाऊन आला. पूल कोरडा, वर नेहमीसारखी बघ्यांची गर्दी. एआयने बनवलेला व्हिडिओ होता. कमानींची संख्यासुद्धा चुकीची. तोवर दोन घरांनी घाबरून गॅस सिलिंडर रस्त्यावर आणून ठेवले होते. ग्रुपवर नियम केला : नदीचा फोटो टाकायचा तर स्वतः काढलेला, आणि कुठून काढला ते लिहून.

दुसऱ्या बाजूला, एआयचा आज मोठा उपयोगही झाला. गल्लीत अथणीकडचे कानडी भाडेकरू आहेत, बांधकामावरची हिंदी बोलणारी मुलं आहेत. घर सोडताना काय न्यायचं, मेन स्विच कधी बंद करायचा, निवारा कुठल्या शाळेत, या सूचना त्याच्याकडून कानडी आणि हिंदीत करून घेतल्या. अथणीच्या वहिनींनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि लगेच छापून भिंतीवर लावल्या. त्याच्याशिवाय हे आज घडलं नसतं. चूक होती ती वाचून सापडण्यासारखी होती, आणि वाचणारी व्यक्ती शेजारीच होती.

१४ ऑगस्ट, पहाटे

वहीवरून उतरवून घेतेय, कारण पुन्हा इतकं नीट आठवणार नाही.

काल संध्याकाळी सहाला पट्टीवर ७ फूट १. यंत्र ७ फूट १. सगळ्यांच्या मोबाईलवर सरकारी इशारा मोठ्या आवाजात एकदम वाजला, तो ज्या पद्धतीने येतो त्याला नंबर लागत नाही, टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनना जातो.

रात्री ९ ला ८ फूट. यादीप्रमाणे आक्कांचं सामान गिरणीच्या माळ्यावर नेलं आणि त्यांना आमच्याकडे आणलं. त्या म्हणाल्या, "अजून उंबऱ्याला लागलं नाही की." पण उठल्या. २०१९ ला त्या दोन दिवस माडीवर अडकल्या होत्या.

११.१० ला वीज गेली. साडेअकरानंतर मोबाईलची रेंज एका कंपनीची गेली, मग दुसऱ्या कंपनीची. लोरावरचं वाचन चालू.

१२.४० ला भोंगा एकसारखा वाजला. यंत्रावर ९ फूट ६. म्हणजे आक्कांच्या घरात पाणी आणि गिरणीला पाच इंच बाकी. सगळी गल्ली बाहेर. पुलावर पाळीला जे दोघे होते ते ओरडून सांगत होते, पट्टीवर ८ फूट ५ आहे. मी बॅटरी मारली तेव्हा दिसलं. नदीकडून उलट्या पाण्याबरोबर जलपर्णीचा मोठा गठ्ठा आत आला होता आणि बरोबर सेन्सरखाली अडकून फिरत होता. आवाजाची लाट पाण्याला लागतच नव्हती, पानांवरून परत येत होती. बांबूने गठ्ठा ढकलला, पुढच्या वाचनाला यंत्र ८ फूट ६ वर आलं.

झोपमोड झालेल्यांपैकी एकदोघे वैतागले. मला वाईट वाटलं, मी आक्कांना म्हटलं, "खोटाच वाजला ओ, उगाच उठवलं सगळ्यांना." त्या म्हणाल्या, "खोटा वाजला तर वाजू दे. गप बसून नको बसाय."

३ वाजता आक्कांना दम्याचा त्रास झाला, पाळीवरचा मुलगा औषध आणायला पळाला. वहीत त्या तासाची ओळ रिकामी आहे.

४ ला ८ फूट १०. ५ ला ८ फूट १०. आत्ता ६ वाजता ८ फूट ९. उंबरठ्याला अर्धा फूट बाकी राहिला आणि पाणी थांबलंय. अण्णांनी वहीवर सही केली आणि खुर्चीतच डोळे मिटले.

२ सप्टेंबर

दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघितल्या. मोकळं पाणी असताना यंत्र आणि पट्टी यात इंचापेक्षा जास्त फरक कधीच नाही. हे कौतुकाचं आहे. रात्री पावसात माणसाचं वाचनही इंचाने इकडेतिकडे होतं. जलपर्णी आली की यंत्र फूटभर वर जातं. बॅटरी संपल्यावर काय होतं ते जुलैत कळलंच.

वहीची पानं मोबाईलने फोटो काढून एआयला दिली, तक्ता करून मागितला. अण्णांचं अक्षर जुन्या वळणाचं, काही ठिकाणी त्याने १ चा ९ केला, ते तपासताना सापडलं. पण १४ ऑगस्टच्या पहाटेची ३ वाजताची ओळ बघून मी थबकले. वहीत ती कोरी आहे. तक्त्यात तिथे "८ फूट ८ इंच" असं लिहिलं होतं. वरचा आणि खालचा आकडा बघून त्याने मधला भरला होता. बहुधा पाणी तेवढंच असेलही. पण त्या वेळी पुलावर कुणीही नव्हतं, कुणी बघितलं नाही, आणि तक्ता बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. तो आकडा बाकीच्यांसारखाच दिसत होता.

मी तो खोडला आणि तिथे "नोंद नाही" असं लिहिलं. या प्रकल्पात मला ज्याच्यावर ठाम राहायचं आहे ते हेच. माहिती नसेल तर नाही असं दिसलं पाहिजे. यंत्र बंद असेल तर बंद आहे असं ऐकू आलं पाहिजे. नोंदीतली रिकामी जागा रिकामी राहिली पाहिजे, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी त्या पानावर विसंबून म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढायचं की नाही हे ठरवणार आहे. सोयीच्या साधनांनी मला चुकीचे आकडे दिले तेव्हा मी सावरले, पण त्यांनी जी भोकं बुजवून गुळगुळीत करून दिली ती मी वही शेजारी ठेवली नसती तर मला दिसलीच नसती.

यापुढे वहीवरून तक्ता दोघांनी हाताने करायचा. तसा काही मोठा नाही, एका रविवारचं काम आहे.

१२ ऑक्टोबर

नाल्याच्या पलीकडच्या गल्लीतले लोक आले होते, त्यांनाही असं यंत्र हवंय. भोंग्याचा आवाज त्यांनी त्या रात्री ऐकला होता. मी म्हटलं, देते, प्रोग्राम फुकट, सामान तुमचं. आधी त्यांच्या पुलावर पट्टी आणि घरोघरच्या उंबरठ्यांची यादी, मग पहाऱ्याच्या पाळ्या, यंत्र शेवटी. त्यांच्यातला एक तरुण म्हणाला, यंत्र आधी बसवू, बाकीचं सावकाश करू. अण्णांनी त्याला वही दाखवली, जुलैचं पान.

बाकी कामं : पुलावरची बॅटरी दुप्पट क्षमतेची घ्यायची. सेन्सरभोवती तळापर्यंत भोकं पाडलेला जाड पीव्हीसी पाइप उभा करायचा, म्हणजे पाणी आत येईल आणि जलपर्णी बाहेर अडेल. पाइप चांगला रुंद हवा, नाहीतर त्याच्या भिंतीवरूनच आवाज परत येईल. भोंग्याची चाचणी दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाला, जबाबदारी गिरणीवाल्या वहिनींनी घेतली आहे. पलीकडच्या गल्लीसाठी लाल आणि पांढऱ्या ऑइल पेंटचे डबे सोमवारी आणायचे, पाणी पुरतं उतरलंय तोवर दिवाळीच्या आत त्यांच्या खांबाचं काम उरकायचं आहे.